एक मणी जास्त

१

पट्टी पाण्यातून बाहेर आली ती कोरी.

खारूताईने ती पुन्हा दिव्याखाली धरली. हिरवी चमक दिसायला हवी होती, तिथे नुसता पांढरा कागद. तिने पट्टी उलटी करून पाहिली, मग सुलटी. पीएचडीच्या शेवटच्या परीक्षेसाठी हॉलमध्ये सगळे परीक्षक, प्राध्यापक आणि फुकटच्या चहाला आलेले विद्यार्थी होते. 

मी परीक्षकांच्या रांगेत होते. मला लोक पाठीमागे करवत म्हणतात. येतानाही कापते, जातानाही. तोंडावर तसं म्हणायची हिंमत एकाच माणसात आहे, ती म्हणजे ताई. ताई सख्खी नव्हे. शिकताना माझ्या दोन इयत्ता पुढे होती, तेव्हापासूनची ताई. खारूताईची गाइडही तीच. प्रयोगशाळेत तिला सगळे बाई म्हणतात.

खारूताई हे त्या पोरीचं टोपणनाव. काही म्हणून टाकायची नाही, रिकाम्या नळ्यासुद्धा डब्यात साठवून ठेवायची, म्हणून पडलेलं. आई-बाप लहानपणीच गेलेले. पीएचडीला आली तशी ताईच्याच घरी वरच्या खोलीत राहायची, तिच्याच हातचं जेवायची. परदेशात एका मोठ्या संस्थेत तिला जागा मिळाली होती. पदवी हातात घेऊन सत्र संपायच्या आत हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्याला.

तिचा विषय सोपा आहे, घाबरू नका. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची लांब माळ. कॅचर नावाच्या एका प्रोटीनला एक खोबण असते. टॅग म्हणजे मोजक्या मण्यांची आखूड माळ. ती त्या खोबणीत बसली की दोघांत खराखुरा रासायनिक बंध तयार होतो. हे चिकटणं नव्हे, जडणं आहे. मग धुवा, उकळा, साबणात बुडवा, सुटायचं नाव नाही. आणि एका खोबणीत एकच टॅग.

पोरीने कागदाच्या पट्टीवर कॅचर बसवलं होतं. चमकणाऱ्या हिरव्या प्रोटीनला टॅग जोडला होता. पट्टी त्यात बुडवायची, कडक साबणाने धुवायची, तरी हिरवी राहिली पाहिजे. तिच्या प्रबंधात पानोपानी हिरव्या पट्ट्यांचे फोटो होते. आमच्या समोर मात्र कोरी.

अध्यक्ष घसा साफ करून म्हणाले, मग हे फोटो आले कुठून?

ताई उठली. तिचा आवाज भरून आला होता. म्हणाली, पोरीच्या हातून चूक झाली असेल, लबाडी ती करायची नाही. तिला एक वर्ष द्या, मी स्वतः तिच्यासोबत सगळं पुन्हा करून घेते. अध्यक्ष म्हणाले, आधी चौकशी. लबाडी निघाली तर वर्षबिर्ष काही नाही, संस्थेतून बाहेर, आणि दुसरं कोणी दारातही उभं करणार नाही अशी व्यवस्था.

चौकशी कोणी करायची, यावर ताईनेच माझं नाव सुचवलं.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताईच्या प्रयोगशाळेत पोचले. खारूताईचे डोळे सुजलेले होते. मला रडक्या माणसांचा कंटाळा आहे, तसं मी तिला सांगून टाकलं. तिने नाक पुसलं आणि सांगायला लागली.

सुट्ट्यांच्या आधी तिने कॅचर तपासलं होतं, ते उत्तम चाललं होतं. मग बाईंच्या नियमाप्रमाणे सगळा साठा एकाच नळीत एकत्र केला. परीक्षेसाठी एकच नळी, म्हणजे आज एक आणि उद्या एक असं व्हायला नको. हा नियम त्या प्रयोगशाळेत ब्रह्मवाक्य होता. नळी थंड खोलीत ठेवली. सुट्टीनंतर काढली, पट्ट्यांना लावली, आणि झालं ते मी पाहिलंच.

"नळी तू ठेवलीस तशीच होती?"

ती घुटमळली. म्हणाली, जरा जास्त भरलेली वाटली. पण कोणी चोरलं तर कमी होईल, जास्त कसं होईल? म्हणून आपलीच आठवण चुकली असं समजून गप्प बसले.

ती कोरी पट्टी आणि उरलेलं कॅचर कुठे आहे, हे मी विचारलं. ती पहिल्यांदाच जराशी हसली. बाई म्हणाल्या होत्या, ते दळभद्री सगळं फेकून दे, नव्याने सुरू करू. पण हिच्या हाताला टाकायची सवयच नाही. दोन्ही वस्तू तिच्या डब्यात होत्या, वर तारीख घालून.

कोणावर संशय आहे का, असं विचारल्यावर तिने शेजारच्या टेबलाकडे नुसतं पाहिलं.

ते टेबल जावयाचं. हासुद्धा विद्यार्थीच, पण बाई त्याचे लाड करतात म्हणून जावई. परदेशातल्या त्या यादीत खारूताईच्या खाली ज्याचं नाव होतं, तो हाच.

३

कॅचर आणि पट्टी मी गावाच्या दुसऱ्या टोकाला माझ्या प्रयोगशाळेत नेली. तिथे प्रोटीनचं वजन काढणारं यंत्र आहे, अगदी एका मण्याचा फरक सांगणारं. यंत्राने सांगितलं ते असं: नळीतल्या प्रत्येक कॅचरचं वजन जास्त भरत होतं. प्रत्येकाच्या खोबणीत कोणाचातरी टॅग आधीच जडलेला होता.

म्हणजे पोरीच्या हिरव्या प्रोटीनला बसायला जागाच उरली नव्हती. कोणीतरी नळीत सुटा, कशालाही न जोडलेला टॅग ओतला होता. ही चूक नव्हती आणि पोरीची लबाडीही नव्हती. आपलंच काम मारून सगळ्यांसमोर तोंडावर पडायला कोण जातं? हा घात होता. मला राग आला. रागात माझं डोकं बरं चालतं.

सुटा टॅग त्या प्रयोगशाळेत एकाकडेच होता, जावयाकडे. तो बाहेरून विकत घ्यायचा.

मी त्याला टेबलावरचं सगळं खाली काढायला लावलं. काय तो उकिरडा! टोपण नसलेल्या नळ्या, नाव नसलेल्या बाटल्या, सांडलेलं वाळून पापडी झालेलं काहीतरी. तो घामाने निथळत होता. मी साखरेत घोळून बोलत नाही. सरळ म्हटलं, ती बुडाली की जागा तुला मिळते, आणि ज्याने तिला बुडवलं ती वस्तू तुझ्या डब्यात आहे. तुझ्या जागी मी असते तर आताच कबूल झाले असते.

त्याने कबूल काहीच केलं नाही. खाली बसला आणि ढसाढसा रडला. त्याची आई दवाखान्यात होती, सुट्टीभर तो तिच्या उशाशी होता, असं काहीतरी पुटपुटला. आयांच्या आजारपणावर माझा विश्वास चटकन बसत नाही. त्याचा टॅग मी खिशात घातला आणि त्याला तसाच रडत सोडून निघाले.

दारात काका भेटले. काका म्हणजे तिथली काचेची भांडी, फ्रिज आणि यंत्रं सांभाळणारे गृहस्थ. स्वभावाने एरंडेल. म्हणाले, त्या पोराला कशाला पिळताय, तो साधा चमचा धुवत नाही. या सुट्टीत कोणीतरी तो मोठा काचेचा हंडा वापरला आणि चक्क लख्ख धुऊन ठेवला. चौपदरी फडक्यावर पालथा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणाला अक्कल आली, खारूताईलाच आली असेल.

मी थांबले. हंडा एवढा मोठा, वापरायचा तरी कशाला? मी परत वर गेले आणि खारूताईला विचारलं. तिने हंड्याला हातही लावला नव्हता.

४

माझ्या यंत्राने जावयाला सोडवलं. त्याच्या टॅगचं वजन जुळलं नाही. कॅचरवर जडलेला टॅग त्याच्यापेक्षा जड होता. तो जावयाच्या टॅगसारखा नवीन जातीचा नव्हताच. जुन्या जातीचा होता, आता कोणी वापरत नाही असा, आणि त्यातही एक मणी जास्त.

अजून एक गोष्ट मला खटकत होती. सगळ्या खोबणी बुजवायच्या तर टॅग गरजेपेक्षा जास्त ओतावा लागतो. उरलेला तसाच पाण्यात तरंगत राहतो. या नळीत उरलेला टॅग नावालाही नव्हता. म्हणजे काम झाल्यावर कोणीतरी ते कॅचर डायलिसिसच्या पिशवीत भरलं होतं आणि मोठ्या भांड्यातल्या पाण्यात रात्रभर सोडलं होतं. लहान टॅग पिशवीतून गळून जातो, मोठं कॅचर आत राहतं. पिशवीत थोडं पाणी शिरतं, म्हणून नळी जास्त भरली. म्हणून तो हंडा.

आता सांगा, घात करणारा ओतून पळेल की बसून साफसफाई करेल? जावयाने तर जन्मात केली नसती. ज्याच्या हाडात स्वच्छता मुरली आहे, पाप करतानासुद्धा ज्याला नळीत उरलंसुरलं ठेवणं बघवत नाही, असा हात होता हा.

ते सगळं डोक्यात घेऊन मी ताईच्या घरी गेले. म्हटलं, बसून बोलू. तिने चहा केला. पोरीबद्दल भरभरून बोलली. म्हणाली, तिला भाजी चिरताना गुणगुणायची सवय आहे, जिना उतरताना शेवटची पायरी उडी मारूनच उतरते.

"ती गेली की घर खायला उठेल गं मला," ताई म्हणाली. "पण तिचं भलं व्हायला हवं. वर्षभर राहिली तर काय बिघडतं? तूही तसंच लिही. जुनं कॅचर होतं, खराब झालं. कोणाचं नाव नको, कोणाचं वाईट नको."

मी हो म्हणणार होते, खोटं कशाला बोलू. चहा सुंदर झाला होता आणि ताई ताई होती. तिने माझा कप उचलला, स्वतःचाही उचलला, दोन्ही विसळले. मग फडकं घेतलं, एक घडी घातली, दुसरी घातली, आणि कप त्यावर पालथे ठेवले.

मी त्या चौपदरी फडक्याकडे बघत राहिले.

५

फडक्यावरून कोणाला फासावर देत नाहीत. नीटनेटकी माणसं जगात पुष्कळ आहेत. पण तो जादा मणी मला रस्ताभर टोचत होता. जुना टॅग, आणि एक मणी जास्त. हे मी कुठेतरी पाहिलं होतं.

प्रयोगशाळेत शिरल्याबरोबर आठवलं आणि मी स्वतःच्या कपाळावर हात मारला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! जुना टॅग पहिल्यांदा मागवला तेव्हा मी आणि ताईने मिळून मागवला होता. बनवणाऱ्यांनी चुकून माळेच्या टोकाला एक मणी जास्त लावून पाठवला. आम्ही पोट धरून हसलो होतो. त्यांनी माफी मागून दुसरा बरोबर पाठवला. चुकलेला फेकायचा, तर ताई म्हणाली, चालतो तसाच, फेकायचा कशाला? अर्धा तिने एका पेटीत ठेवला, अर्धा दुसऱ्या पेटीत सील करून मला दिला. वर स्वतःच्या हाताने चिठ्ठी लावून दिला, करवतीसाठी म्हणून.

माझा अर्धा भाग फ्रीझरच्या तळाशी अजून होता, सील न फोडलेला. काढून वजन केलं. कॅचरवर जे जडलं होतं तेच, तंतोतंत. तो मणी जगात दोनच पेट्यांत होता. एक माझी.

मी काकांना फोन लावला. ताईची जुनी पेटी अजून आहे का, एवढंच विचारलं. ते म्हणाले, मोठा फ्रीझर बदलला तेव्हा मी ती फेकणार होतो, बाई अंगावर धावून आल्या. तिला हात लावायची आमची काय बिशाद.

साधं चिकटणारं काही असतं तर ताईने ते धुऊन काढलं असतं आणि मी आयुष्यभर शोधत बसले असते. पण ज्याने मारलं ते मेलेल्याला कायमचं जडलेलं होतं. त्याला ताईची स्वच्छतासुद्धा सोडवू शकली नाही. ती पट्टी आणि नळी फेकली जाईल, आणि मैत्रीण तपास कसला करणार, या भरवशावर ती राहिली. माझं नाव सुचवून तिने हात दाखवून अवलक्षण केलं.

मी खारूताईला माझ्याकडे बोलावलं आणि सगळं सांगितलं. हळू सांगायला मला येत नाही. तिचा चेहरा आधी कोरा झाला. मग तिने एकच विचारलं.

"त्या दिवशी मी घरी येऊन रडले तेव्हा बाईंनी मला मांडीवर घेतलं होतं. तेव्हाही त्यांना माहीत होतं?"

"हो."

 ती रडली नाही, आणि मला वाटून गेलं की रडली असती तर बरं. मी म्हटलं, उद्या अहवाल देते, ताईला जाब द्यावा लागेल.

"अहवाल नको, मॅडम," ती म्हणाली. "परीक्षा पुन्हा ठेवा. आणि तुम्ही मला फक्त एक प्रश्न विचारा."

६

मी मंडळाला कळवलं की जुनं कॅचर निकामी झालं होतं, पोरीची लबाडी नाही, परीक्षा पुन्हा घ्यावी, वर्ष वाढवायची गरज नाही. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. ताईला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला, पण तिने स्वतःला सावरलं आणि बरं झालं म्हणाली. माझे हात हातात घेतले. मी ते काढून घेतले नाहीत.

नवं कॅचर पोरीने माझ्या प्रयोगशाळेत तयार केलं. तोवर ती राहिली मात्र ताईच्याच घरी. तिच्या शेजारी बसून जेवली, भाजी चिरताना गुणगुणली. मी विचारलं, कसं जमतं गं तुला? म्हणाली, बाईंनी शिकवलंय. मला ते ऐकून कसंतरीच झालं.

परीक्षेच्या दिवशी ताई ठेवणीतले कपडे घालून पहिल्या रांगेत बसली. तिच्या बरोबरीचे, हाताखालचे, तिने घडवलेले, सगळे आले होते. जावईही मागे बसला होता. माझ्याकडे बघत नव्हता, आणि त्याची आई खरंच दवाखान्यात होती.

पट्टी बाहेर आली ती हिरवीगार. साबणाने धुतली, हिरवी. पुन्हा धुतली, हिरवी. ताईने सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी विचारलं, कोणाचा प्रश्न?

मी हात वर केला.

"मागच्या वेळी हे चाललं नाही. का?"

खारूताईने पुढचं चित्र पडद्यावर आणलं. शांतपणे, वर्गात शिकवावं तसं तिने सांगितलं. कॅचर खराब झालं नव्हतं, सगळ्या खोबणी आधीच भरलेल्या होत्या. नळीत उरलेला टॅग नव्हता, म्हणजे कोणीतरी डायलिसिस करून पुरावा धुतला. पण जे जडलं ते धुतलं जात नाही. त्याचं वजन हे. जावयाच्या टॅगचं वजन हे, जुळत नाही. मग जुन्या टॅगचं, एक मणी जास्त असलेल्याचं. पडद्यावर वजनाच्या दोन रेघा एकीवर एक पडल्या. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली.

"हा जादा मणी बनवणाऱ्याची चूक आहे," ती म्हणाली. "तो दोनच ठिकाणी आहे. एक पेटी परीक्षक मॅडमकडे, तिचं सील शाबूत होतं." मग ती पडद्याकडून वळली. "बाई, दुसरी पेटी कुठे असते?"

 सगळ्या माना ताईकडे वळल्या.  कोणीही तिच्या मदतीला आलं नाही, मीही नाही. खारूताई उत्तराची वाट बघत तशीच उभी राहिली, अगदी आदराने, हात बांधून.

शेवटी अध्यक्षांनीच नजर खाली केली. पण परीक्षेची रीत अशी की गाइडच्या शिफारशीशिवाय पदवी होत नाही, आणि ती सगळ्यांसमोर उभं राहून द्यावी लागते. त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं. ताई खुर्चीचा आधार घेऊन उठली.

"कामात खोट नाही," ती म्हणाली. "पदवी द्यावी."

खारूताईने मान झुकवून आभार मानले, आपल्या नळ्यांचा डबा उचलला आणि बाजूच्या दाराने निघून गेली. 

हॉल रिकामा व्हायला वेळ लागला नाही. अशा वेळी माणसं भराभर पांगतात. ताई पहिल्या रांगेतच बसली होती. मी शेजारून जायला लागले तेव्हा तिने माझी बाही धरली.

"आधी मला सांगायचंस," ती म्हणाली.

"सांगितलं असतं तर कबूल केलं असतंस?"

तिने विचार केला. ती खोटं बोलेल असं मला वाटलं, पण तिने नाही म्हणून मान हलवली. रुमाल काढला, त्याची घडी घातली, परत एक घातली.

"एकच वर्ष मागत होते गं मी," ती म्हणाली. "रात्री जेवायला येईल ना ती? तिच्या आवडीचं करून ठेवलंय."

मी तिला सांगितलं की वरची खोली रिकामी आहे. तुम्ही दोघी घरून इकडे यायला निघालात तेव्हाच माझ्या गाडीवाल्याने तिचं सामान हलवलं. तिचं दुपारचं विमान आहे.

 ताईने विचारलं, तू तरी येतेस का घरी, चहाला. मला तिची कीव आली, अगदी आतून आली. मी म्हटलं नाही, आणि बाही सोडवून घेतली.